ज्या दिवशी कात्री, त्या दिवशी मशीन नाही

चि. सौ. …… हिला,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. थोरलीचा फ्रॉक कापून पडलाय, धाकट्याचं बोरन्हाणाचं काळं झबलं अर्धं झालंय, नणंदेच्या बाळाचं दुपटं तसंच आहे, वाणाचे पंचवीस बटवे अजून कापडातच आहेत. आणि शेवटी विचारतेस, काकू, मशीन विकून टाकू का? नाही विकायचं. मुलं लहान असताना शिवणं जमतं. कापणं आणि शिवणं एका बैठकीत जमत नाही, आणि तू नेमकं तेच करायला बघतेस. दुपारी धाकटा झोपला की कापड पसरतेस, मापं टाकतेस, घाईघाईने कापतेस आणि मशीनवर बसतेस तोवर तो उठतो. पुढचं तुझ्या पत्रात आहेच.

म्हणून एकच नियम. ज्या दिवशी कात्री, त्या दिवशी मशीन नाही.

शिवण कुठल्याही टाक्यावर थांबवता येते. सुई कापडात खाली उतरवून ठेवली की तासाभराने त्याच टाक्यापासून पुढे जाता येतं. कापणीचं तसं नाही. अर्धवट कापलेलं कापड उचललं की घडी सरकते, उभा धागा तिरका होतो, खडूच्या खुणा पुसल्या जातात आणि एका बाजूचा मुंढा, म्हणजे बाही बसते ते वळण, दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त खोल जातो. मग बाही बसवताना एकीकडे चुण्या पडतात आणि तुला वाटतं आपल्याला बाहीच येत नाही. बाही येते गं तुला. तुझी कापणी घाईची आहे.

तर रविवारी सकाळी दोन तास मुलं त्यांच्या बाबांकडे. विचारायचं नाही, सांगायचं. ‘त्याला त्यातलं काही जमत नाही’ हे मला लिहू नकोस.

कापड आदल्या दिवशी धुऊन, वाळवून, इस्त्री करून तयार हवं. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं, आणि लांबीत जास्त आटतं. न धुता शिवलेलं झबलं म्हणून दुसऱ्या महिन्यातच बेंबीवर येतं. काळ्या कापडाचा आणि खणाचा रंग जातो का तेही याच वेळी बघायचं. पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या कोपऱ्यावर जोरात घासायचा. रुमाल काळा झाला तर ते कापड बाळाला नको, कारण आठ महिन्यांचं मूल गळ्याची पट्टी चावतंच. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने कच्चा रंग पक्का होत नाही, कोणीही काहीही सांगो. असं कापड तीन-चार पाण्यांतून काढ, तरीही रंग सुटत राहिला तर त्याचा बटवा कर.

कडेला कात्री लावायच्या आधी एक आडवा धागा ओढून काढ आणि त्याने पडलेल्या रेषेवर काप. दुकानदाराने कापड फाडून दिलं असेल तर उत्तम. कात्रीने दिलं असेल तर ते हटकून तिरकं असतं, आणि तिरक्या कापडाचा फ्रॉक धुतल्यावर अंगावर पिळवटतो. कापड नेहमी दुहेरी घडी घालून काप, सुलट बाजू आत. एकेरी कापडावर एक-एक बाही कापायला गेलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात.

आता झबलं. ते अडलंय गळ्यापाशी, हे तू न लिहिताही मला कळलं. सगळ्यांचं तिथेच अडतं. वर्षाच्या आतल्या बाळाचं डोकं छातीएवढंच असतं, कधी थोडं जास्तच. आपण गळा मानेच्या मापाने कापतो आणि तो डोक्यातून जात नाही. मग मोठा कापतो, तर खांद्यावरून घसरतो. तुझ्या धाकट्याचं डोकं साधारण साडेसतरा इंच असेल. टेपने मोजून घे. गळा रुंदीला ४ इंच, पुढे खोली सव्वादोन, मागे १ असा कापलास तर त्याचा घेर होतो साडेअकराच्या आसपास. तो डोक्यातून जाणारच नाही. म्हणून पाठीला मधोमध ४ इंचांची चीर. चिरेच्या दोन्ही बाजू उघडतात, म्हणजे ८ इंच वाढले, घेर साडेएकोणीस. डोकं आरामात जातं आणि गळा खांद्यावर बसतो. गळा खोल करून हा प्रश्न सोडवायचा नाही.

बाकीची मापं अशी: अंगाचा तयार घेर २२ इंच. म्हणजे पुढचा भाग ११ आणि मागचा ११, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, धरून प्रत्येकी १२ इंच रुंद कापायचा. तयार उंची १४. खालच्या घडीला १ आणि खांद्याला अर्धा इंच धरून साडेपंधरा. गळ्याला उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेली, पट्टी सव्वा इंच रुंदीची. १२ इंचांच्या चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापलीस तर जवळजवळ १७ इंच लांब निघते, जोड द्यावा लागत नाही. पट्टी सरळ धाग्यावर कापली तर गळ्याच्या वळणावर ती उभी राहते. उरेब कापली पण लावताना ताणली, तर सगळा गळा आत गोळा होतो. पट्टी गळ्यावर नुसती ठेवत जायची, हात सैल. शिवून झाल्यावर मायेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर कात्रीचं टोक लावायचं, टिपेच्या एक सूत अलीकडे थांबायचं, मग उलटायचं.

(हो, हे टोक लावायला कात्री लागते. कात्रीचा दिवस म्हणजे कापड पसरून कापायचा दिवस. एवढं तुला कळतं.)

कापून झालं की लगेच एक-एक कपडा एकेका कापडी पिशवीत जाऊ दे. त्यात सगळे तुकडे, उरेब पट्टी, टिचबटण आणि त्याच रंगाच्या दोऱ्याची भरलेली बॉबिन. वर एक चिठ्ठी, ‘पुढची शिवण’ म्हणून. झबल्याच्या चिठ्ठीवर पाच ओळी येतील: पाठीची चीर, खांदे, गळा, बाजू, खालची घडी. याच क्रमाने. पाच शिवणी म्हणजे पाच दुपारी, मधल्या एखाद्या दुपारी तो झोपलाच नाही तरी काही बिघडत नाही. वीस मिनिटांत एक शिवण होते, पण केव्हा? बॉबिन आधीच भरलेली असेल, चीर कुठे घ्यायची त्याचा विचार रविवारीच झालेला असेल तेव्हा. पहिली दहा मिनिटं कात्री शोधण्यात आणि घडी जुळवण्यात गेली की दुपार संपली. म्हणून सांगते, ज्या दिवशी कात्री, त्या दिवशी मशीन नाही. आणखी एक फायदा असा की दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पिशवी उघडली की उलटी कापलेली बाही शिवायच्या आधी दिसते.

बाजूंच्या शिवणीला इंटरलॉक करायला बाहेर देऊ नकोस. आधी कापडाच्या उलट बाजू समोरासमोर ठेवून दोन सुतांवर टीप मार, माया कापून एक सूत ठेव, कपडा उलटव, आणि परत दोन सुतांवर टीप मार. सुटे धागे आतल्या आत बंद होतात, बाळाला टोचत नाहीत. अर्धा इंच माया त्याच्यासाठीच ठेवलीय.

मशीन खाली गुंता करतं म्हणतेस आणि बॉबिनला दोष देतेस. खाली गुंता दिसला की दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. दोरा ओवताना मशीनचा पाय वर उचललेला हवा. खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये बसत नाही, वर ताण येत नाही आणि सगळा दोरा खाली लोंबतो. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्याच बाजूने नेढ्यात जायला हवा. सुरुवात करताना दोन्ही दोरे मागे धरून तीन-चार टाके घाल. मलमलला ११ नंबरची सुई, पॉपलिनला १४, गोधडीच्या थरांना १६. होजिअरीला गोल टोकाची सुई, नाहीतर टाके सुटतात. मलमल दात्यांत ओढली जात असेल तर खाली साधा पातळ कागद घालून शिव, मग कागद फाडून काढ. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

टाचण्या मोजून लाव, मोजून काढ. वीस लावल्या तर डबीत वीस परत आल्याशिवाय उठायचं नाही. तुटलेल्या सुईचे दोन्ही तुकडे सापडेपर्यंत मुलाला जमिनीवर सोडू नकोस. तुझं पायमशीन आहे, तर उठताना पट्टा चाकावरून उतरव. थोरली तीन वर्षांची आहे, तिला पायटा हलवायचाच असतो आणि बोटं नेमकी चाकापाशी असतात.

बाळाच्या कपड्याला गळ्याशी नाडी नको, टोपड्याला हनुवटीखाली लांब बंद नकोत. युरोपातल्या नियमांत सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला नाडी चालतच नाही, आणि ते बरोबर आहे. कुंची हौसेने शिव, पण ती मांडीवरच्या बाळाला. पाळण्यात ठेवताना काढायची. टिचबटण दुहेरी दोऱ्याने, प्रत्येक भोकात चार टाके, आणि लावून झाल्यावर जोर लावून ओढून बघ. आपल्या हाताने निघालं तर त्याच्याही निघेल, आणि मग ते तोंडात जाईल. हलव्याचे दागिने फोटोपुरते.

दुपट्याचं सांगते. जुन्या सुती साडीचे तीन थर, ३६ बाय ३६ इंच. वरचा थर नवा घ्यायचा हौस असेल तर तो आधी दोनदा धू. जुनी साडी आटून संपलेली असते, नवं कापड अजून आटायचं असतं. न धुता एकत्र शिवलं तर पहिल्या धुण्यात दुपटं पापडासारखं वाकडं होतं. कच्चे टाके मधून सुरू करून कडेकडे ने. कडेपासून सुरू केलंस तर फुगलेलं कापड मध्ये अडकतं आणि घडी पडते. मग हाताने धावदोरा, ओळींमध्ये बोटभर अंतर. हे काम मात्र मुलं आजूबाजूला असतानाही करता येतं, फक्त सुई एकच आणि डबी उंचावर. नणंदेने मोहरीची उशीही मागितलीय म्हणतेस. शिवू नकोस. वर्षाखालच्या बाळाला उशी नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि शिवण उसवून मोहरी बाहेर आली तर ती बाळाच्या नाकातोंडाशीच. तिला वाईट वाटेल. वाटू दे. त्याऐवजी आणखी एक दुपटं दे.

बटव्यांना ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, २ मीटर कापड पुरतं. तुकडा ६ इंच रुंद, १७ लांब. एका आडव्या रांगेत सात बसतात. चार रांगांत अठ्ठावीस झाले, तीन वाया गेले तरी चालतील. खण घेणार असशील तर त्याचा पन्हा अरुंद असतो, दुकानात टेप लावूनच मीटर सांग. तुकडा मधोमध दुमडला की ५ इंच रुंद आणि साधारण ७ इंच उंच बटवा होतो, वर पाऊण इंचाचा नेफा. एक बटवा पूर्ण करून दुसरा घेऊ नकोस. आधी सगळ्यांची डावी बाजू, दोरा न तोडता एकामागून एक. मग सगळ्यांची उजवी. मग सगळे नेफे. बाजूची टीप वरच्या कडेच्या सव्वा इंच आधीच थांबव, नाहीतर नाडी ओवायला तोंडच राहत नाही आणि पंचवीसही उसवावे लागतात. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तेव्हा संक्रांतीच्याच दिवशी सगळे हवेत असं नाही.

थोरलीच्या फ्रॉकला घेराच्या खाली आतून अर्ध्या-अर्ध्या इंचाचे दोन टक, म्हणजे शिवलेल्या घड्या, घाल. एका टकात एक इंच कापड जातं, म्हणजे दोन इंचांची वाढ राखून ठेवली. या वयात मूल वर्षाला अडीच इंचांच्या आसपास वाढतं, तेव्हा एक टक सहा महिन्यांनी सोड, दुसरा त्याच्या पुढे. टक मशीनने घालताना टाका लांब ठेव, सोडायला सोपा जातो. कापलेला फ्रॉक तसाच पडलाय, म्हणजे टकाचं कापड धरलेलं नाहीस; ती लांबी झालरीने भरून काढता येते. खाली वेगळ्या रंगाची झालर जोडायची असेल तर तीही या रविवारीच कापून त्याच पिशवीत टाक.

सोसायटीतल्या बायका ब्लाउजचं विचारतात, घेऊ का, असं लिहिलंयस. आत्ता नको. ब्लाउजला ट्रायल लागते, दुसऱ्याची तारीख लागते, आणि ती तारीख आली की तू परत दुपारी कापायला बसशील आणि परत मुंढा दोन सूत खोल जाईल. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत, माझ्या कात्रीखालच्या दोन बाह्या कधी एकाच हाताच्या निघत नाहीत, ते याच हट्टामुळे. फॉल लावून दे वाटलं तर. त्याला कापणी नाही.

तुझी,
काकू

ता. क. चड्डीचं इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा २ इंच कमी कापायचं, पाऊण इंचाच्या इलॅस्टिकला १ इंचाचा नेफा. टोकं एकावर एक अर्धा इंच ठेवून चौकोनात टीप मार. नुसती टोकाला टोक जोडलीस तर आठवड्यात सुटतात. मुलाची कंबर उभं असताना मोज आणि मला कळव, मुंढ्याचं मापही पाठव.