लिनक्समध्ये वेगवेगळ्या पॅकेजमधल्या फायलींची नावं एकाच नियमाने का नसतात?

नियम आहेत हो, पण प्रत्येक डिस्ट्रोचे (डेबियन, फेडोरा, सेंटओएस अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचे) आपापले, तिथेच सगळी गोची. वेब सर्व्हर तोच, डेबियनमध्ये त्याचं पॅकेज अपाची२ आणि फेडोरात एचटीटीपीडी. लायब्ररीच्या हेडर फायलींच्या (प्रोग्रॅम बांधताना लागतात त्या) पॅकेजच्या नावाला शेवटी इकडे -डेव, तिकडे -डेवेल. पण हे निदान इन्स्टॉल करतानाच अडतं आणि कळतं. न दिसणारा फरक जास्त वाईट, त्याच्यासाठीच लिहायला बसलो.

म्हापशात एका पतसंस्थेच्या सर्व्हरचं काम मी बघायचो. आधी सेंटओएस होतं, रोजचा बॅकअप क्रॉन डॉट डेली, म्हणजे रोज आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टच्या फोल्डरमधल्या 'बॅकअप डॉट एसएच' स्क्रिप्टने व्हायचा. मग नवीन मशीन आलं डेबियनवालं, आणि बसवणाऱ्या ठेकेदाराने स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलून टाकली. मी तेव्हाच म्हटलं, नावातला डॉट काढा. डेबियनचा रन-पार्ट्स, म्हणजे फोल्डरमधल्या स्क्रिप्ट एकेक करून चालवणारा प्रोग्रॅम, तिथे फक्त अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन असलेलीच नावं घेतो, डॉट दिसला की फाईल सोडून पुढे, एरर नाही काही नाही. सेंटओएसवर तीच फाईल बिनबोभाट चालते. तर तो म्हणतो, "बाब, एक्स्टेन्शन नसलं तर फाईल कशाची ते कळणार कसं, आणि इतकी वर्षं चालतंय ना!" वयाने मोठा, म्हणून संस्थेनेही त्याचंच ऐकलं. पुढे पावसात विजेची ये-जा सुरू असताना डिस्क गेली आणि बघतो तर नवीन मशीन आल्यापासूनचा एकही बॅकअप नाही. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर, लोक ठेवी मोडायला येणार, आणि काउंटरवरच्या बायका रात्री उशिरापर्यंत पावत्यांच्या कार्बन कॉपीवरून नोंदी परत भरतायत. त्यांचा काय दोष? मला ते अजून खुपतं.

आणि एक्स्टेन्शनचं म्हणाल तर डेबियन पॉलिसीतच लिहिलंय की पाथमध्ये, म्हणजे नुसतं नाव टाईप करून चालणाऱ्या कमांडच्या फोल्डरांत, जाणाऱ्या स्क्रिप्टच्या नावाला डॉट एसएच, डॉट पीएल लावू नये. बरोबरच आहे, आज शेलमध्ये लिहिलेलं उद्या पायथनमध्ये लिहिलं तर नाव बदलायचं, आणि ते नाव वापरणारं सगळं मोडायचं? फाईल कशाची ते पहिल्या ओळीतल्या शबँगवरून (#! आणि पुढे कशाने चालवायचं त्याचं नाव) कळतं की.

पण म्हणून सगळीकडचे डॉट काढत सुटू नका हां. सुडोअर्स डॉट डी (सुडोच्या परवानग्यांचं फोल्डर) मध्येही डॉटवाली फाईल वाचत नाहीत, पण सिसकंट्रोल डॉट डी (कर्नलच्या सेटिंग्जचं फोल्डर) मधल्या फायलींना शेवटी डॉट कॉन्फ लागतंच, आणि डेबियनमध्ये अपाची २.४ पासून साइटच्या फायलींनाही. सेटिंग्जच्या एकाच ईटीसी फोल्डरच्या आत असं उलटसुलट. माझं मत विचाराल तर नावं एकसारखी नसली तरी चालेल, पण जी फाईल सोडली तिचं नाव प्रोग्रॅमने सांगितलंच पाहिजे.

क्रॉनपुरतं तरी, रन-पार्ट्सला --टेस्ट लावून त्या फोल्डरवर चालवा, जी नावं छापली जातील तेवढीच चालणार. ऑफिसात कोणी "इतकी वर्षं चालतंय" म्हणाला तर त्याला शेजारी बसवूनच चालवा.