चेंडू एकाच्याच हातात असेल तर

बास्केटबॉलमध्ये नुसते गुण आणि असिस्ट (ज्यावर सहकारी गुण करतो असे पास) बघून पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू आणून चाल रचणाऱ्या खेळाडूला, थोर ठरवू नका. २०१७-१८ मध्ये ओक्लाहोमाचा ट्रे यंग गुण (सामन्याला २७.४) आणि असिस्ट (८.७) या दोन्हींत अमेरिकी कॉलेजांत पहिला होता. तरी १४ विजय, २ पराभव अशी सुरुवात केलेला संघ १८-१४ वर थांबला. सामन्यामागे पाचेक वेळा चेंडू त्याच्याकडूनच प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. शिवाय तो अर्ध्या कोर्टाजवळच दोन बचावपटूंत अडकला की बाकीचे चौघे नुसते उभे.

म्हणून चेंडू नसलेल्यांकडे बघा. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घेण्याची मुदत, कॉलेजात ३० सेकंदांची. गार्डने १५-१८ सेकंद ड्रिबलिंगमध्येच घालवली, तर पहिला पिक-अँड-रोल (सहकारी बचावपटूची वाट अडवून मग बास्केटकडे धावतो, म्हणजे रोल करतो, ती चाल) फसल्यावर दुसऱ्या चालीला वेळच उरत नाही, मग घाईचा शॉट पडतो. कोपऱ्यात दोन भरवशाचे थ्री-पॉइंट शूटर आणि जोरात रोल करणारा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) असेल, तर तोच गार्ड सोन्यासारखा. २०११ मध्ये गार्ड केंबा वॉकरने कनेक्टिकटला कॉलेज विजेतेपद मिळवून दिलं, पण सोबत जेरेमी लँब होता, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) घेणारा अ‍ॅलेक्स ओरिआखी होता.

माझ्या मते खरी कसोटी एकच: पास दिल्यावर गार्ड बचाव कापत बास्केटकडे आत जातो, की चेंडू परत मागत उभा राहतो? उभा राहत असेल, तर प्रशिक्षकाने दुसरा बॉल-हँडलर (चेंडू खेळवणारा) उतरवावाच.