नेक्रोमन्सीला भूतविद्या म्हणावं का? आणि डीमनला राक्षस?

प्रश्न असा आहे की एका इंग्रजी लेखाचं मराठी करायचं चाललंय, त्यात 'तो नेक्रोमन्सीसाठी मर्मर नावाच्या डीमनबरोबर वर्क करतो' अशा अर्थाचं वाक्य आलंय (डीमन म्हणजे ख्रिस्ती कल्पनेतला दुष्ट आत्मा), तर नेक्रोमन्सीला भूतविद्या, डीमनला राक्षस आणि वर्कला सरळ 'काम' लिहिलं तर चालेल का. मला विचाराल तर तिन्ही नकोत.

आधी भूतविद्या. हा शब्द आपल्याकडे आयुर्वेदाने आधीच घेतलाय, आठ अंगांपैकी ते एक अंग, आणि तिथे काम उलटं आहे, माणसाला झालेली बाधा दूर करायची. नेक्रोमन्सी म्हणजे मुळात मेलेल्याला बोलवून त्याच्याकडून माहिती काढणं. ग्रीक 'नेक्रोस' म्हणजे प्रेत आणि 'मांतेइया' म्हणजे भविष्य सांगणं. होमर या ग्रीक कवीच्या ओडिसी महाकाव्यात अकराव्या सर्गात हे अगदी डोळ्यासमोर उभं राहतं. त्याचा नायक ओडिसियस तलवारीने हातभर लांब-रुंद खड्डा खणतो, त्यात मध घातलेलं दूध, मग वाइन, मग पाणी ओततो, वरून जवाचं पीठ भुरभुरतो आणि मेंढ्यांचं रक्त सोडतो. रक्ताच्या वासाने मेलेले गोळा होतात पण तो तलवार उपसून बसलेला असतो, टायरेसियस हा मेलेला भविष्यवेत्ता ते रक्त पिऊन बोलेपर्यंत कोणाला म्हणून जवळ येऊ देत नाही, त्या गर्दीत त्याची स्वतःची आई दिसते तरीसुद्धा नाही. या सगळ्यात डीमन कुठेच नाही बघा. एवढ्यापुरतं 'प्रेतविद्या' किंवा सरळ 'मृतांना बोलावणं' लिहा, छान बसतं.

मग डीमन आला कुठून? बायबलमध्ये शौल राजा एनदोरच्या एका बाईकडे जातो आणि ती मेलेल्या शमुवेल या संदेष्ट्याला वर आणते. यावरून चर्चमध्ये शतकानुशतकं वाद झाला, आणि बऱ्याच धर्मपंडितांनी असं ठरवलं की मेलेल्याला परत आणणं माणसाच्या हातात नाही, म्हणजे समोर दिसतो तो मेलेल्याचं रूप घेतलेला डीमनच असणार. झालं, शब्द तोच राहिला आणि आतला अर्थ बदलला. त्यात लॅटिनमध्ये 'नेक्रो'चं 'निग्रो' झालं, निग्रोमांतिया, म्हणजे काळी विद्या, स्पॅनिशमध्ये अजून निग्रोमान्सियाच म्हणतात. म्युनिकच्या ग्रंथालयात पंधराव्या शतकातलं मांत्रिकाचं एक लॅटिन हस्तलिखित आहे, त्यातले बरेचसे विधी मृतांचे नाहीतच, डीमन बोलावण्याचे आहेत, आणि तरी अशा विद्येला त्या काळात नेक्रोमन्सीच म्हणायचे. त्यामुळे मजकूर कुठल्या काळाबद्दल बोलतोय ते बघितल्याशिवाय शब्द ठरवूच नये.

तुमच्या वाक्यात मात्र दोन्ही अर्थ एकत्र आलेत. मर्मर हा सतराव्या शतकातल्या 'लेसर की ऑफ सॉलोमन' या मंत्रतंत्राच्या पोथीमधल्या ७२ आत्म्यांपैकी ५४वा. त्याआधी १५७७ मध्ये योहान वायर नावाच्या डॉक्टरने ६९ डीमनांची यादी छापली होती, तिच्यातही तो आहे. गिधाडासारख्या किंवा ग्रिफिनसारख्या (गरुडाचं तोंड आणि सिंहाचं धड असलेल्या) प्राण्यावर बसून येतो, पुढे तुताऱ्या वाजतात, तत्त्वज्ञान शिकवतो आणि मेलेल्यांच्या आत्म्यांना मांत्रिकापुढे हजर करून उत्तरं द्यायला लावतो. म्हणजे इथे डीमन मध्यस्थ आहे. असल्याला राक्षस म्हटलं की वाचकाला दात-नखं असलेला, माणसं खाणारा कोणीतरी दिसणार. भूत म्हणावं तर मराठीत भूत म्हणजे मेलेलं माणूस, आणि मेलेली माणसं या वाक्यात वेगळी आहेतच की, सगळा घोळ होईल. सैतान तर ख्रिस्ती कल्पनेत एकच. मी 'डीमन'च ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत समजावून सांगेन.

आता क्रियापद, माझ्या मते खरी गोम इथेच आहे. बरेच जण 'आवाहन' लिहितात. पण आवाहन म्हटलं की आपल्याला षोडशोपचार पूजा आठवते, देवाला मानाने बोलवायचं, आसन द्यायचं, पाय धुवायचे. सॉलोमनच्या त्या पोथीत मांत्रिक नऊ फुटी वर्तुळाच्या आत उभा राहतो आणि आत्म्यासाठी वर्तुळाबाहेर दोन फुटांवर तीन फुटी त्रिकोण काढलेला असतो, त्याने तिथेच यायचं. देवाच्या नावांनी त्याला बांधायचं. कॉन्ज्युअर (मंत्राने बोलावणं) या शब्दातच लॅटिन शपथ आहे आणि एक्सॉर्सिझममध्ये (आज याचा अर्थ भूत उतरवणं) ग्रीक शपथ, म्हणून त्या पोथीत बोलावणाऱ्यालाच एक्सॉर्सिस्ट म्हटलंय, त्याचं 'भुतं काढणारा' करू नका, मांत्रिक म्हणा, जुना बाज हवा असेल तर पंचाक्षरी. आणि या शपथेला आपल्याकडे तयार शब्द आहे, 'आण घालणं'. आपल्या शाबरी मंत्रांतसुद्धा गुरूची आण घालतातच! शेवटी आत्म्याला जायची परवानगी देतात, कोणाला इजा न करता जा आणि बोलावलं की परत ये. उत्तरपूजेतलं 'पुनरागमनाय च' लगेच आठवतं, पण आपण तिथे विनवतो आणि इथे हुकूम सोडलेला असतो, म्हणून 'विसर्जन' नको, 'निरोप देणं' बरं.

राहिलं 'वर्क विथ'. हा आजकालच्या साधकांचा शब्द आहे, त्यातले कितीतरी जण आता डीमनला बांधत नाहीत, नैवेद्यासारखं काहीतरी ठेवतात, नातं जोडतात. तिथे आण घालणं चुकीचं होईल आणि 'वश करणं' तर त्याहून चुकीचं. मला 'साधना' सगळ्यात जवळचा वाटतो. तेव्हा लेख आजच्या माणसाबद्दल असेल तर 'मृतांशी बोलता यावं म्हणून तो मर्मर या डीमनची साधना करतो' असं लिहा, आणि जुन्या पोथीतल्या मांत्रिकाबद्दल असेल तर 'मृतांना बोलतं करण्यासाठी तो मर्मरला आण घालून पाचारण करतो'.