ऑटोमॅटिक गाडी ट्रॅफिकमध्ये थरथरते, कधी मध्येच ओढणं सोडते. सर्व्हिस सेंटर 'नॉर्मल' म्हणतं. रिकॉलमध्ये गिअरबॉक्स फुकट बदलून मिळेल का?

रिकॉलमध्ये, म्हणजे दोष मान्य करून कंपनी गाड्या परत बोलावते त्यात? बहुतेक नाही. रिकॉलची वाट बघत बसू नका. फुकट मात्र मिळू शकतो, त्याची वाट वेगळी आहे.

तुम्ही खाली तपशिलात लिहिलंय की सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाले, 'मॅडम, गाडी चालवायची पद्धत जरा बदलून बघा.' ते वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण हेच मी महिनोन् महिने ऐकलंय. सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकलं आणि घरीही ऐकलं. माझे मोठे दीर आयुष्यभर मॅन्युअल गाड्या चालवत आले. त्यांचं म्हणणं, मी ब्रेकवर अर्धा पाय ठेवून चालवते म्हणून गाडी थरथरते. ते एकदाही माझ्या शेजारच्या सीटवर बसले नव्हते, तरी निदान पक्कं होतं.

माझ्या गाडीत ड्राय ड्युअल क्लच होता. क्लच म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या प्लेट. एक क्लच एक-तीन-पाच हे गिअर सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा, आणि दोन्ही कोरडे. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे तेलातून ताकद पोचवणाऱ्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये धक्के तेल पचवतं, इथे तेल नाही. मोकळ्या रस्त्यावर ही गाडी सुरेख पळते, मायलेजही चांगलं देते. पण मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत क्लच सारखा अर्धवट लागतो, सुटतो, घासतो आणि तापतो. त्यात शाफ्टच्या सीलमधून तेलाचा थेंब जरी त्या कोरड्या प्लेटवर झिरपला, की सुटताना ती पकडत-सोडत जाते. आपल्याला बसतात ते झटके तिथले. आणि मध्येच ओढणं सोडणं हे वेगळं दुखणं आहे, ते बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये असतं. त्यातल्या सोल्डरला (वायरी जोडणाऱ्या डागाला) बारीक तडा गेला की गरम झाल्यावर संपर्क तुटतो, थंड झाल्यावर जुळतो. यातल्या कुठल्या गोष्टीचा माझ्या पायाशी संबंध आहे ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

माझ्या बाबतीत झालं ते असं. समोरून येणाऱ्या वाहनांची लेन ओलांडून वळायचं होतं. मागे सासूबाई बसलेल्या. मोकळी जागा बघून मी गाडी आत घातली, ॲक्सिलरेटर दाबला, आरपीएमचा काटा चढला आणि गाडी जागची हलेना. नुसता इंजिनाचा आवाज. मीटरवर जिथे 'डी' (ड्राइव्ह) दिसायला हवा तिथे रिकामी चौकट, आणि बाजूला पान्याचं पिवळं चिन्ह. गाडी रस्त्यात आडवी आणि समोरून टँकर. त्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक लावला म्हणून मी आज हे लिहितेय. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं, तर 'डी' परत आला आणि गाडी काही झालंच नाही अशी निघाली. सासूबाई घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

त्याच दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. ती रात्रभर वर्कशॉपमध्ये उभी राहून थंडगार झाली, सकाळी कोणीतरी मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आलं, आणि जॉब कार्डवर शेरा आला: 'कस्टमर फील्स जर्क. नो ॲबनॉर्मॅलिटी फाउंड.' हे 'कस्टमर फील्स' फार बारकाईने वाचा. मी लिहून दिलं होतं की गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. त्याचं झालं 'कस्टमरला झटका जाणवतो'. जाणवतो! पुढे वॉरंटीचा वाद होतो तेव्हा कंपनी तुमचं तोंडी बोलणं बघत नाही, हेच कागद बघते. आणि कागदावर गाडी कधी थांबलेलीच नसते.

तुमच्यासारखं आम्हा सगळ्यांना वाटतं की आपण एकटेच अडकलोय. तर हे वाचा. ऑस्ट्रेलियात २०१८ साली फेडरल कोर्टाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टमधल्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या तक्रारी कंपनीने ज्या रीतीने हाताळल्या त्याबद्दल. तो गिअरबॉक्सही ड्राय ड्युअल क्लचच. ग्राहक संरक्षणाचं काम बघणाऱ्या तिथल्या आयोगाने कोर्टात मांडलेला एक मुद्दा मी प्रिंट काढून ठेवलाय: गिअरबॉक्समध्ये दोष आहेत हे कंपनीला ठाऊक होतं, तरी थरथरणं हा तुमच्या गाडी चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे असं ग्राहकांना सांगितलं जात होतं. माझी गाडी कुठल्या कंपनीची ते मी इथे लिहिणार नाही, तो विषय माझ्यापुरता मिटलाय. पण 'तुमची पद्धत' हे उत्तर कुठून येतं आणि किती सोयीचं असतं ते कळावं म्हणून सांगितलं. ती प्रिंट दिरांपुढेही ठेवली होती. चष्मा लावून वाचली त्यांनी, आणि म्हणाले, 'तिकडचे रस्ते वेगळे.'

आता रिकॉल का नाही, ते. रिकॉल म्हणजे सुरक्षेचा दोष कंपनीने किंवा सरकारने मान्य करणं. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यापासून हा सगळा कारभार चालू आहे, भारतात सक्तीच्या रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. गिअरबॉक्स बिघडला की कंपनीचं पहिलं म्हणणं असतं की हा टिकाऊपणाचा किंवा आरामाचा प्रश्न आहे, सुरक्षेचा नाही. स्टिअरिंग चालतं, ब्रेक लागतात, मग धोका कसला? आणि मग रिकॉलऐवजी वॉरंटी वाढवून मिळते. फोर्डने अमेरिकेत त्या पॉवरशिफ्टसाठी २०१४ मध्ये हेच केलं: क्लचची वॉरंटी ७ वर्षं किंवा १ लाख मैल, कंट्रोल मॉड्यूलची १० वर्षं किंवा दीड लाख मैल. वाढीव वॉरंटीला मुदत असते आणि दोष सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. रिकॉलमध्ये तसं नसतं. तुमचा चेसिस नंबर यादीत असला की विषय संपला, गाडीला त्रास होतोय की नाही हे कोणी विचारत नाही. म्हणून कंपन्यांना पहिलं परवडतं. माझं स्पष्ट मत आहे: आडव्या ट्रॅफिकमध्ये ओढणं सोडणारी गाडी आणि ब्रेक न लागणारी गाडी यांत मला काही फरक दिसत नाही. त्या टँकरलाही दिसला नसता.

गिअरशी संबंधित रिकॉल निघतात ते बहुतेक गाडी घरंगळण्यावरून. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण त्यांचा गिअर लिव्हर दाबून सोडला की पुन्हा मधल्या जागी येऊन बसायचा आणि गाडी 'पार्क'मध्ये आहे की नाही हे हाताला कळायचंच नाही. लोक पार्कमध्ये आहे समजून खाली उतरायचे. अभिनेता अँटोन येल्चिन त्याच वर्षी जूनमध्ये स्वतःचीच, याच यादीतली जीप ग्रँड चेरोकी घरंगळत आल्याने गेला. २०२२ मध्ये फोर्डने २९ लाख गाड्या बोलावल्या त्या एका बुशसाठी, म्हणजे जोडाच्या जागी बसणाऱ्या छोट्या कड्यासाठी. गिअर केबल गिअरबॉक्सला जोडणारं ते छोटंसं बुश झिजून तुटलं की लिव्हर 'पार्क' दाखवतो आणि आत गिअर भलताच असतो. आख्खा गिअरबॉक्स रिकॉलमध्ये येत नाही, बुश येतं.

दबाव आला की मात्र काम होतं. चीनमध्ये मार्च २०१३ मध्ये सरकारी टीव्हीने फोक्सवॅगनच्या डीएसजी या ड्युअल क्लच गिअरबॉक्सवर कार्यक्रम दाखवला. आठवड्याच्या आत कंपनीने ३ लाख ८४ हजारांवर गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरच्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या ७-स्पीड गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायचं ठरलं, कारण गरम, दमट हवेत ते सिंथेटिक तेल वीजपुरवठ्यात बिघाड करत होतं. त्याआधी त्या गाड्यांच्या मालकांनाही कोणीतरी 'नॉर्मल' म्हणालंच असेल.

माझा निकाल कसा लागला ते सांगते, कारण तुम्हालाही हेच करायचं आहे. मी गाडी वर्कशॉपमध्ये सोडून यायचं बंद केलं. भर गर्दीच्या वेळी ट्रॅफिकमधून चालवत, चांगली तापवून, इंजिन बंद न करता दारात उभी केली आणि ॲडव्हायझरला म्हटलं, 'तुम्ही चालवा, मी शेजारी बसते.' तो आधी 'टेस्ट ड्राइव्हसाठी माणूस नाही' म्हणाला, मग मॅनेजर म्हणाले 'उद्या या'. मी काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसले आणि बाहेर गाडी चालूच ठेवली. शेवटी तोच आला. पहिली काही मिनिटं काही नाही. तो माझ्याकडे बघून हसलासुद्धा. मग सिग्नलच्या रांगेत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडीने असा दणका दिला की त्याचा हात आपोआप गिअरवर गेला. पुढच्या चौकात 'डी' गेला. त्याच्या पायाखाली, त्याच्या पद्धतीने. मीटरचा व्हिडिओ मी काढत होतेच. परत आल्यावर मी फक्त एवढंच म्हटलं की आता जॉब कार्डवर 'कस्टमर फील्स' लिहायचं नाही. त्याने लिहिलं: 'शडर अँड लॉस ऑफ ड्राइव्ह कन्फर्म्ड ऑन रोड टेस्ट, व्हेइकल हॉट.' म्हणजे थरथर आणि ओढणं सोडणं दोन्ही गरम गाडीत, रस्त्यावर, खरं ठरलं. त्या एका ओळीवर क्लच सेट आणि मॉड्यूल दोन्ही वाढीव वॉरंटीत बदलून मिळाले.

गंमत बघा, त्याच गाडीचं रिकॉलचं पत्र मला आलं होतं, दाराच्या कडीसाठी. तेही काम मी लगेच करून घेतलं आणि तुम्हीही करा, कडीचंही महत्त्व आहेच. पण ज्याने जीव जाता जाता वाचला त्याचं पत्र आजवर आलेलं नाही.

तर तुमचा १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवरच्या रिकॉल पानावर टाका. मॉडेलचं नाव टाकून समजणार नाही, रिकॉल बऱ्याचदा ठरावीक तारखांदरम्यान बनलेल्या गाड्यांपुरता असतो. दर काही महिन्यांनी पुन्हा टाका. गाडी सेकंडहँड असेल तर पत्र आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं. त्यासोबत 'या चेसिस नंबरवर वाढीव वॉरंटी किंवा सर्व्हिस कॅम्पेन (रिकॉल न काढता कंपनीने ठरवलेली दुरुस्ती) आहे का' असं ईमेलने विचारा, फोनवर नाही. जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहिल्याशिवाय सही करू नका. पार्ट बदलला की जुन्याचा आणि नव्याचा पार्ट नंबर मागा. जनरल मोटर्सने २००६ मध्ये सदोष इग्निशन स्विचची रचना गुपचूप सुधारली आणि पार्ट नंबर तोच ठेवला, म्हणून बदल कागदावर दिसलाच नाही. रिकॉल निघाला २०१४ मध्ये. मध्ये किती वर्षं गेली ते बघा, आणि त्या स्विचपायी १२४ माणसं गेल्याचं कंपनीच्याच भरपाई निधीने मान्य केलं. पार्ट नंबर ही क्षुल्लक गोष्ट नाही.

आणि सरकारकडे तक्रार नोंदवा. त्याने तुमचा गिअरबॉक्स उद्या बदलणार नाही. पण तक्रारी ठरावीक संख्येपर्यंत साचल्याशिवाय चौकशी सुरू होत नाही, आणि प्रत्येक जण 'माझ्या एकट्याने काय होणार' म्हणतो. दोन मर्यादा माहीत असू द्या: भारतातले नियम ७ वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहेत, अमेरिकेत फुकट दुरुस्तीचा हक्क पहिल्या विक्रीपासून १५ वर्षं.

हेही सांगायला हवं की प्रत्येक झटका म्हणजे दोष नाही. ड्युअल क्लच गाडी अगदी कमी वेगात थोडी अडखळते, बॅटरी उतरली तरी गिअरबॉक्स वेडंवाकडं वागतो, आणि चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर क्लच खरंच लवकर जातो, ब्रेक वापरा. पण ओढणं सोडणं यातल्या कशातच बसत नाही, त्याला कोणीही 'नॉर्मल' म्हटलं तर लिहून मागा.

दिरांनी गेल्या वर्षी ऑटोमॅटिक घेतली, टॉर्क कन्व्हर्टरवाली. मला विचारून घेतली. ब्रेकवरच्या पायाबद्दल अजून काही बोललेले नाहीत, आणि मी तो विषय सोडलेला नाही.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही: 'पार्क'ला लावल्यावर गाडी उतारावर सरकते का? सरकत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. हँडब्रेक ओढल्याशिवाय गाडीतून उतरू नका आणि गाडी चालवत न नेता टो करून न्या.