पाणी जिरवणारे पेव्हर ब्लॉक बसवूनही पार्किंग तुंबते, तेव्हा आधी सांधे पाहा

तुमचा प्रश्न वाचताना सहा वर्षांपूर्वीचे आमचे पार्किंग डोळ्यांसमोर उभे राहिले. नव्या व्यापारी संकुलात पाणी जिरवणारे ब्लॉक बसवले, भोवती बाग केली, तरीही पहिल्याच वळिवात घोटाभर पाणी साचले आणि आता कंत्राटदार सारे खापर जमिनीवर फोडतो आहे, असे तुम्ही लिहिले आहे. जमीन तपासायला हवीच. पण माझ्या मते दोष वरच्या दोन-तीन इंचांतच, म्हणजे ब्लॉकमधल्या ज्या सांध्यांतून पाणी खालच्या खडीत उतरते तिथेच असावा.

पुण्याच्या पूर्व भागातील आमच्या संकुलाचे काम मी मालकांच्या वतीने पाहत होतो. तळाशी मोठी खडी, तिच्यावर २० मिलिमीटरची, मग दगडाच्या बारीक चिप्स आणि ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक, हे सर्व थर नकाशाबरहुकूम होते. चुकला तो कामाचा क्रम. फरसबंदी पूर्ण दिसल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरण्याच्या परवानगीची) फाइल पुढे सरकणार नाही, असे संबंधित कार्यालयाने सांगितल्यामुळे आम्ही मे महिन्यात ब्लॉक बसवून घेतले आणि बागेसाठी आणलेली सात-आठ डंपर लाल माती त्याच ब्लॉकवर उतरवली. आधी बाग करू द्या, हे समजावण्यासाठी मी तीन खेटे घातले. त्यांच्या तपासणीच्या तक्त्यात पुनर्भरण खड्डा आणि झाडांची संख्या होती. पाणी जिरवणाऱ्या फरसबंदीसाठी रकानाच नव्हता. त्या आडमुठेपणाचा मला आजही संताप येतो. तरीही डंपर आत सोडण्याची परवानगी मीच दिली होती आणि ती चूक माझीच.

जूनच्या दुसऱ्या पावसानंतर आम्ही पहारीने एक ब्लॉक उचकटला. सांध्यांतल्या चिप्स लाल गाळाने लिंपल्यासारख्या घट्ट झाल्या होत्या आणि वीतभर खालची खडी मात्र कोरडी ठणठणीत होती. खडीतली पोकळी ४० टक्के धरली, तर ३० सेंटीमीटर थरात १२० मिलिमीटर पाऊस मावतो. आमच्याकडे ती सगळी जागा रिकामी होती आणि गाड्या वर पाण्यात उभ्या होत्या. भर म्हणून काही सांध्यांत कामगारांनी साध्या ब्लॉकच्या सवयीने झाडूने कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, भरली होती. पाणी जिरवणाऱ्या ब्लॉकच्या सांध्यांत धुतलेल्या बारीक चिप्सच हव्यात. कच कदापि नको.

तुम्ही एक चाचणी घरच्या घरी करू शकता. सुमारे ३० सेंटीमीटर व्यासाचा, बूड काढलेला डबा ब्लॉकवर ठेवून त्याची कड मळलेल्या चिकणमातीने बंद करा, जागा आधी भिजवून घ्या आणि मग ३.६ लिटर पाणी ओता. हे जवळपास ५० मिलिमीटर पावसाइतके होते. सांधे मोकळे असतील तर पाणी एक-दोन मिनिटांत उतरते. आमच्याकडे अर्ध्या तासानंतरही निम्मे पाणी तसेच होते. गाळ फक्त वरच्या इंचभर थरात असेल, तर ओढून घेणाऱ्या यंत्राने तो काढून नव्या चिप्स भरता येतात. आम्हाला मात्र ब्लॉक उचलून खालचा चिप्सचा थरही बदलावा लागला.

त्याच दुरुस्तीत बागेची पातळीही बदलली. उंच कठडा बांधून वर माती भरलेले वाफे शोभिवंत दिसतात, पण प्रत्येक पावसात त्यांतली माती फरशीवर येते. वाफा फरशीपेक्षा अर्धा वीत खाली असला की पाणी वाफ्यात जाते आणि माती जागेवर राहते. दर्शनी भागातली हिरवळ मी काढूनच टाकायला लावली; एप्रिलमध्ये टँकर मागवून ती जगवण्यात मला कोणताही अर्थ दिसत नाही. तिच्या जागी बहावा, ताम्हण, निर्गुडी आणि अडुळसा लावून पहिली दोन वर्षे ठिबक दिले. फक्त गळणारा पालापाचोळा नियमित झाडावा लागतो, अन्यथा तोही सांध्यांत कुजून बसतो.

मी स्थापत्य अभियंता नाही, त्यामुळे हे अंतिम मानू नये. काळी माती असेल, खडक लगेच लागत असेल किंवा शेजारी तळघराची भिंत असेल, तर पाणी तिथेच जिरवावे की सच्छिद्र नळीने बाहेर काढावे, हे जमीन तपासणाऱ्या भूतांत्रिक सल्लागाराकडूनच ठरवून घ्या. जनित्राच्या आणि डिझेल साठवणीच्या जागेखाली मात्र पाणी अजिबात जिरवू नका.