त्या वहीखाली सही कुणाची होती?

ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात हवालदार आहे. द्राक्षपट्ट्यातल्या एका गावची बाई दीड वर्षाची मुलगी कडेवर घेऊन तक्रार द्यायला आली. अंगावर वळ नाही, काही नाही. नवऱ्याला बोलावून दोघांना समोरासमोर बसवलं. माणूस शांत, निर्व्यसनी. घरखर्चाची वहीसुद्धा घेऊन आलेला. वडापचे 20 रुपये, गजऱ्याचे 10, आईला फोन 14 मिनिटं, सगळं मांडलेलं, खाली बायकोची सही. बाई म्हणाली, माझंच चुकलं, तक्रार नाही. असं तीनदा झालं. शेवटी मी वैतागून म्हणाले, आता परत येऊ नकोस. ज्यांना स्वतःलाच सुटायचं नाही, त्यांच्यासाठी आम्ही किती जीव काढायचा?
– एक हवालदार

हवालदारबाई,

तुमच्या वैतागाबद्दल आज काही लिहीत नाही. त्या वहीबद्दल लिहिते.

घरखर्च लिहिणारी माणसं घरोघरी आहेत. पण आईशी बोललेली 14 मिनिटं खर्चात कोण मांडतं? आणि बायकोची सही कशाला? सही घ्यायची म्हणजे रात्री तिला समोर बसवायचं, एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायचं, पटलं नाही तर पुन्हा विचारायचं. तुमच्याकडचे बागायतदार फवारणीची वही ठेवतात, तशी याने बायकोची ठेवलीय. ती वही तो स्वतःच्या पायांनी ठाण्यात घेऊन आला, तुमच्या टेबलावर ठेवली, आणि तुम्हाला तो नीटनेटका माणूस वाटला! मला याचा राग आलाय.

ती ‘माझंच चुकलं’ म्हणाली तेव्हा तो शेजारच्या खुर्चीवर होता. तिथून त्याच्याच गाडीवर मागे बसून तिला घरी जायचं होतं. दुसरं काय बोलणार होती? आणि तरी ती तीनदा आली, लेकरू घेऊन. सुटायचं नसलेली बाई ठाण्याची पायरी चढत नाही हो.

इंग्लंड-वेल्समध्ये जोडीदारावर असा ताबा ठेवणं हाच 2015च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरला. आपल्याकडे तसं कलम नाही, पण 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्याच्या कलम 3 मध्ये मारहाणीच्या जोडीला मानसिक आणि आर्थिक छळही आहे, वळ दिसलेच पाहिजेत अशी अट नाही. कलम 5 तर थेट तुमच्यासाठी आहे. या कायद्याखाली मदतीला सरकारने नेमलेला संरक्षण अधिकारी असतो, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, वकील फुकट मिळतो, हे तिला सांगणं पोलिसाचं कर्तव्य आहे. तिन्ही खेपांत यातलं काही तिच्या कानावर घातलंत? तुमच्या पत्रात तरी तसं दिसत नाही. गुन्हा नोंदवायचा किंवा तडजोड करायची, एवढीच दोन दारं तिला दिसली असणार. त्या घरातच राहून संरक्षणाचा आदेश मिळतो, कलम 17 प्रमाणे त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, आदेश मोडला तर नवऱ्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे ऐकलं असतं तर कदाचित ती वेगळं बोलली असती.

आता एक करा. उद्याच तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी कळवा. कलम 4 प्रमाणे असं कुणालाही कळवता येतं, तिच्या अर्जासाठी थांबायचं कारण नाही. वहीत काय होतं ते आठवेल तसं ओळीनं लिहा, सहीसकट. तिला मात्र फोन करू नका, तोही वहीत चढेल. घरी तर अजिबात जाऊ नका. मुलगी दीड वर्षाची आहे म्हणजे डोसाला ती उपकेंद्रात येणारच. गावच्या आशाताईंना विश्वासात घ्या, संरक्षण अधिकाऱ्यांना सोबत घ्या आणि त्या दिवशी साध्या कपड्यात तिथं जा. नवरा सोडायला आला असेल तर त्याला बाहेर थांबवायचं काम नर्सबाईंचं. आत तिला आधी सांगा, ‘मी तेव्हा चुकीचं बोलले, तू कधीही ये.’ मग घटना अहवालाचं, म्हणजे घडलेल्या छळाची संरक्षण अधिकारी ठरलेल्या नमुन्यात करतात त्या नोंदीचं विचारा. ती नको म्हणाली तर जबरदस्ती नको. महिला हेल्पलाइनचा 181 नंबर तोंडपाठ करून द्या, चिठ्ठी देऊ नका.

आणि ठाण्यात यापुढे नवरा-बायकोचा जबाब एका खोलीत घ्यायचा नाही. साहेब म्हणतील जागा नाही. मग नवऱ्याला बाहेरच्या बाकड्यावर बसवा.