डायलिसिसच्या शेवटच्या तासात गोळे येतात, मशीन बंद करायला सांगू का?

हा प्रश्न मला पेशंट नेहमीच विचारतात. त्यातल्याच एका काकांचं सांगते, नाव-गाव नको, अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातले आहेत एवढं पुरे. तीन एकर कपाशी, सोमवार-गुरुवार पहाटेच्या एसटीने यायचे, आठला मशीन सुरू. चार तासांचं डायलिसिस, पण तीन तास होत आले की पोटरीत असा गोळा यायचा की काका ओरडायचे, "काढा बाप्पा सुया, जीव जाते माह्या!" मग सही करून बंद. अकराला सुटलं की बाराची एसटीपण मिळायची, तो एक फायदा.

माझ्याकडे पाठवलं तेव्हा मी आधी आकडेच पाहिले. ड्राय वेट, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, 52 किलो आणि येताना काट्यावर 56. चार लिटर पाणी चार तासात ओढायचं म्हणजे तासाला एक लिटर. साधारण वजनाच्या एका किलोमागे तासाला 13 मिलीच्या वर जाऊ नये असं धरतात, काकांची ती मर्यादा 676 मिली होती. मी म्हटलं, काका, विहिरीला झरा जेवढा तेवढीच मोटर चालवता ना, जास्त ओढलं तर हवा घेते, तसंच रक्ताचं आहे, अंगातलं पाणी हळूहळू रक्तात झिरपतं आणि मशीन त्याच्यापेक्षा भरभर ओढते, मग बीपी पडतं, पायाला रक्त कमी पडतं नि गोळा येतो. आणि तासभर आधी उठलात की उरलेलं पाणी अंगातच, पुढच्या वेळी अजून जास्त ओढायचं. काका म्हणाले, "म्हंजे मीच माही विहीर आटवू रायलो."

तेवढ्यात काकूंच्या पिशवीत नारळपाण्याची बाटली नि दोन केळी दिसली. गोळ्यांवर चांगलं असते म्हणून शेजारणीने सांगितलेलं. तिथं मात्र मी घाबरलेच, कारण दोन्हीत पोटॅशियम भरपूर, बिघडलेली किडनी ते नीट बाहेर टाकत नाही आणि वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. ओआरएसचंही तेच, आणि ते 'लो सोडियम' मीठ मिळतं ना, त्यातही पोटॅशियमच असतं.

मग ठेचा, पापड, लोणचं बंद, कारण मीठ खाल्लं की तहान आवरतच नाही. पाणी मोजून, त्यात चहा, वरण, ताक सगळं धरून. पंधरा दिवसांनी काका 54.2 वर आले, मी खूश. पण गोळा आलाच, शेवटच्या अर्ध्या तासात. आणि मी पटकन बोलून गेले, काका चोरून पाणी पिता का हो? काकूंनी काही न बोलता कॅलेंडरचं पान पुढं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीच्या रेघा, दर पेल्याला एक, चहाला अर्धी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांना परत बघायला सांगितलं. पायावर सूज नाही, दम नाही, शेवटी शेवटी बीपी मात्र खाली. ते 52 चार महिन्यांपूर्वी ठरवलेलं, तेव्हा काकांना अर्धी भाकर जात नव्हती, आता दोन जातात, अंगावर मांस चढलं नि आम्ही ते पाणी समजून ओढत होतो! डॉक्टरांनी अर्धा-अर्धा किलो करत 53 केलं.

तर मशीन बंद करायला सांगू नका, पण दात दाबून सहनही करू नका. पोटरी नुसती फडफडली तरी टेक्निशियनला हाक मारा, तो पाणी ओढणं कमी करतो, लागलं तर सलाइन देतो. काकू तोवर गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा नडगीकडे दाबून धरतात. आणि वारंवार होत असेल तर ड्राय वेट कधी तपासलं ते विचारा, विचारायला लाजू नका.

मागच्या गुरुवारी काका पूर्ण चार तास झोपले. बाराची एसटी गेली, पुढची दोनला, तोवर माझ्या टेबलासमोर बसून मलाच बोलत होते.